वहिनींनी पास केलेला सेट

मोताळ्यात वैजनाथच्या दुकानातून लाउडस्पीकरचा नवा सेट बाहेर पडायचा तर त्याला आधी परीक्षा द्यावी लागे. परीक्षा घ्यायला त्याची बायको शरयू यायची. म्हणजे मागच्या घरातून पुढच्या दुकानात, पदराला हात पुसत, चुलीवर ठेवलेल्या भाजीकडे अर्धा जीव ठेवून. वैजनाथ तिच्यापुढे माईक धरायचा, भोंग्याचं तोंड रस्त्याकडे केलेलं असायचं, आणि ती डोळे मिटून एक भूपाळी म्हणायची. तेवढ्या वेळापुरता समोरचा शिंपी मशीन थांबवायचा. बाजाराला आलेली माणसं कापसाच्या गाडीला टेकून उभी राहायची. भूपाळी संपली की वैजनाथ सेटच्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, "पास!"

मग त्या सेटला गिऱ्हाईक. मलकापुरात मुंबईच्या कंपन्यांचे चकचकीत सेट मिळत, पण आसपासच्या गावांतली मंडळी तिकडे ढुंकून पाहत नसत. कंपनीच्या सेटपुढे कोण गायलं होतं, असा त्यांचा सवाल होता. "वहिनीनं पास केला का?" हे विचारल्याशिवाय कोणी सेट उचलत नसे. ही परीक्षा वाजवी आहे असं लोकांना वाटे, वैजनाथला वाटे, आणि आपल्यालाही वाटू द्यायला हरकत नाही. निदान अजून थोडा वेळ.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावोगाव विजेचे खांब येत होते, आणि जिथे खांब पोचला नव्हता तिथेही बॅटरीवर चालणारा भोंगा पोचला होता. सप्ताह, लग्न, सभा, शाळेचं स्नेहसंमेलन, कशालाही भोंगा हवा. वैजनाथ अकोल्याला एका रेडिओच्या दुकानात काम शिकून आला होता आणि सेट स्वतःच्या हातानं बांधायचा. चेसिसचा पत्रा स्वतः कापायचा, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा. माणूस मोठा चिकट. हातातलं काम मनासारखं होईपर्यंत जेवायला उठायचा नाही, आणि उठला तरी ताटाशी बसून त्याचाच विचार करायचा.

शरयू लोणारची. तिथल्या एका सप्ताहात तो भोंगा लावायला गेला होता. तारा जोडून झाल्या आणि माईक चालतो का ते पाहायला त्यानं कानाला हेडफोन लावला, तर त्यातून एक आवाज आला. पाहुण्या कीर्तनकारांना यायला उशीर होता, म्हणून गावातली एक मुलगी अभंग म्हणत होती. वैजनाथनं तिला आधी ऐकलं आणि मग मान वर करून पाहिलं. पुढे लग्नाच्या बोलाचालीत मोठी माणसं पत्रिका, गोत्र, देणंघेणं असल्या गोष्टींत गुंतली होती तेव्हा हा आपला गप्प. त्याचं ठरून गेलं होतं.

त्या लोणारच्या घरात एक दुखणं होऊन गेलेलं होतं. शरयूची आई सत्यभामाबाई. बाईंचा आवाज एका हिवाळ्यात बसला. कोणी म्हणालं तळ्याकाठची हवा बाधली, कोणी ज्येष्ठमध दिला, कोणी काढा. आवाज काही उठला नाही. मग घास अडकायला लागला, मग पाणी. नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी, एवढे दिवस काय करत होता, एवढंच विचारलं. त्या दुखण्यातून बाई उठल्या नाहीत. तेव्हापासून शरयूपुढे "आवाज बसला" हे शब्द कोणी काढत नसे. वैजनाथ तर सर्दी झालेल्या गिऱ्हाइकालाही दुकानाबाहेर उभं करायचा.

आणि अशा माणसाला एक दिवस भूपाळीच्या वरच्या ओळीत खरखर ऐकू आली.

अगदी बारीक होती. कोरं कापड फाडताना सुरुवातीला येतो तेवढाच आवाज. वैजनाथनं सेटकडे संशयानं पाहिलं. आवाज मोठा करणारा काचेचा व्हॉल्व्ह बदलला. खरखर होतीच. मग त्यानं आत एक छोटा कंडेन्सर कथलाचा डाग देऊन बसवला. कंडेन्सर अशा जागी लावला की उंच, टोकदार आवाज तेवढे बाजूला काढतो, बाकीचे जाऊ देतो. खरखर त्या टोकदार आवाजांतच असते. शरयूला पुन्हा गायला लावलं, तर आवाज लोण्यासारखा. "पास!" पुढच्या वर्षीच्या सेटमध्ये खरखर पुन्हा आली, त्यानं त्या छोट्याच्या जोडीला थोडा मोठा कंडेन्सर लावला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठा. ट्रान्सफॉर्मरची तार बदलली, व्हॉल्व्हची कंपनी बदलली, रात्रंदिवस त्या सेटांच्या मागे लागला. खरखर सेटमध्ये नसेल तर कुठे असेल, हा प्रश्न मात्र त्यानं स्वतःला कधी विचारला नाही. विचारणार कसा? त्या प्रश्नाच्या उत्तराला एकच जागा उरत होती.

उन्हाळ्यात धामणगाव बढ्याहून मोतीराम आला. तिथल्या मंदिराच्या पंचांतला हा वजनदार शेतकरी. वैजनाथकडून त्यांनी नुकताच दुसरा सेट नेला होता. पहिला बराच जुना, तोही वैजनाथचाच.

"वैजनाथभाऊ, राग नका मानू," मोतीराम बाकावर टेकत म्हणाला, "पन हा नवा सेट काही बराबर बोलत नाई."

"काऊन? काय झालं त्याले?"

"त्याच्यातून मानूस गोधडी पांघरून बोलल्यावानी वाटते. महाराज प्रवचन देऊन राह्यले होते, अन् मांगच्या लोकायले कथा समजेचना. कोनी म्हने राम वनात गेला, कोनी म्हने मनात गेला. शेवटी जुनाच सेट लावला."

"वहिनीनं पास केलेला सेट आहे तो," वैजनाथ ताठ होऊन म्हणाला.

"तेच तर म्हनतो ना भाऊ! इथं वहिनी गायली तं सेट मस्त वाजते. बाकी कोनी बोललं की गोधडी. आता गावानं काय रोज वहिनीलेच बोलवावं काय?"

मोतीराम हसला. वैजनाथला हसू आलं नाही. सेट ठेवून घेतो, पाहतो, म्हणाला. मोतीराम गेल्यावर तो कितीतरी वेळ त्या परत आलेल्या सेटकडे बघत बसला. एकाच माणसाचा आवाज चांगला येतो आणि बाकी सगळ्यांचा वाईट, असा सेट त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात त्याची भाची सुट्टीला आली. स्नेहलता नागपूरला एम.एस्सी. करत होती, विषय पदार्थविज्ञान, आणि वडलांनी बारशाला ठेवलेलं लांबलचक नाव मोताळ्यात आलं की स्नेहू होऊन जायचं. मामाच्या दुकानातच तिनं लहानपणी व्हॉल्व्ह पेटताना पाहिले होते, म्हणून मामाचा तिच्यावर हक्क होता.

"स्नेहू, हा सेट किती खराब आहे ते मोजता येईल का?" त्यानं विचारलं. "कानानं नको. आकड्यात सांग."

"त्याला यंत्र लागतं मामा. आमच्या कॉलेजातसुद्धा एकच आहे, आणि त्याला हात लावायचा तर सरांची परवानगी लागते." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण सेट कागदावर चालवून बघता येईल."

"कागदावर?"

"हो. व्हॉल्व्ह बनवणारे त्याच्या वागण्याचा नकाशा छापतात ना, कोणत्या दाबाला किती करंट, त्या वाकड्या रेषा. तुमच्याकडे असेलच तो कागद. त्याच्यावर तुमच्या ट्रान्सफॉर्मरची तिरपी रेघ मारायची. मग मनातल्या मनात माईकचा आवाज थोडा थोडा वर न्यायचा, थोडा थोडा खाली आणायचा, आणि दर वेळी रेघ कुठे छेदते ते वाचायचं. पावलं सारखी पडली तर आवाज शुद्ध. कमीजास्त पडली तर जेवढा फरक, तेवढी खराबी."

वैजनाथला ही कल्पना फार आवडली. दिवा न लावता, विजेशिवाय, कागदावर सेट चालतो म्हणजे काय! त्यानं टेबल रिकामं करून दिलं, शिंप्याकडून पट्टी मागून आणली, आणि मुलगी आकडेमोड करत असताना चिडीचूप बसून राहिला. दुपार कलताना स्नेहलतानं मान वर केली. चेहरा जरा पडलेला होता.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. शंभरात दहा-बारा भाग आवाज बिघडतो, असं येतंय. हे फार झालं. सेट चांगला नाही."

"खरं?" वैजनाथ उठून उभा राहिला. "दहा-बारा? मग ऐकू येईल ना तेवढं? खरखर येईल ना?"

"येणारच."

झालं. या बाबाला आभाळ ठेंगणं झालं. आपण बांधलेला सेट भिकार आहे हे कळल्यावर पेढे आणायला निघालेला कारागीर मोताळ्यानं तरी याआधी पाहिला नसेल. तो खरंच हलवायाकडे गेला, पुडा घेऊन आला, शिंप्याच्या हातावर एक ठेवला. शरयू दारात आली आणि विचारू लागली की काय झालं, तर म्हणाला, "काही नाही, सेट खराब निघाला!" आणि तिच्या तोंडात पेढा घातला. तिनं तो घेतला, पण स्नेहलताकडे पाहून भुवया उंचावल्या. या माणसाच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झाला की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

किती दिवसांनी तो त्या रात्री गाढ झोपला.

सकाळी स्नेहलता दुकानात आधीच येऊन बसली होती. तिच्यापुढे दोन कागद होते. एक कालचा. दुसऱ्यावर तिनं पट्टीनं आखलेल्या, अगदी सारख्या अंतराच्या रेषा होत्या.

"मामा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला रात्री शंका आली. म्हणून आता हा एक खोटा व्हॉल्व्ह काढला. जगात असा व्हॉल्व्ह नसतो. हा आवाज मुळीच बिघडवू शकत नाही, कारण रेषा मीच सारख्या अंतरावर मारल्यात. याला कालच्याच पद्धतीनं मोजलं, त्याच पेन्सिलनं, तसंच डोळ्यानं वाचून. उत्तर शून्य यायला हवं होतं."

"मग?"

"आठ आलं."

वैजनाथला लगेच उमगलं नाही. शुद्ध व्हॉल्व्ह आठ कसा दाखवेल?

"व्हॉल्व्ह नाही दाखवत. माझी पेन्सिल दाखवते. तिचं टोक जाड, कागद लहान, आणि मला काढायचा असतो दोन मोठ्या आकड्यांतला बारीकसा फरक. लिंबाचं वजन करायला आधी लिंबासकट बैलगाडी तोलायची, मग लिंबाशिवाय तोलायची, आणि वजाबाकी करायची, तसं आहे हे. काट्याचा जरासा झोल गेला की लिंबाचा भोपळा होतो. काल मी तुम्हाला जे सांगितलं त्यात सेट थोडा होता, मीच जास्त होते."

तिनं मग दिवसभर बसून तो नकाशा मोठ्या कागदावर, चौपट करून उतरवला. पेन्सिल ब्लेडनं तासून सुईसारखी केली. आधी खोटा व्हॉल्व्ह मोजला; तो जवळजवळ शून्य आला तेव्हाच खऱ्याला हात लावला. खरा आला दोन. शंभरात दोन.

"दोन भाग कोणाच्या कानाला कळत नाहीत, मामा. सेट चांगला आहे. छान आहे."

वैजनाथनं डोक्यात राख घालून घेतली. "कागद काय गाते का?" तो ओरडला. "कागदाले काय समजते माझ्या सेटमधलं? मी या कानांनी ऐकून राह्यलो ती खरखर काय खोटी आहे? काल दहा होते, आज दोन, उद्या म्हणशील सेटच नाही!" स्नेहलतानं पेन्सिल खाली ठेवली. मामाला ती ओळखून होती; तो रागावला नव्हता, घाबरला होता. तिला फक्त कशाला घाबरला ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं राग ओसरला आणि तो खुर्चीत बसला. त्याच्या मनात तो खोटा व्हॉल्व्ह घोळत होता. एखाद्या गोष्टीची परीक्षा घ्यायची तर परीक्षा घेणाऱ्यालाच आधी तपासायला हवं, हे या पोरीनं किती सहज केलं. आपली पेन्सिल आधी तासली. आपण इतकी वर्षं सेट तपासले ते कशावर? भूपाळीवर. आणि भूपाळीला कोणी तपासलं?

त्यानं खोट्या व्हॉल्व्हचा कागद उचलून पुन्हा पाहिला.

"स्नेहू," तो हळू आवाजात म्हणाला, "अगदी शुद्ध आवाज कशाचा असतो? जिथं खरखर असूच शकत नाही, असा."

"नादकाट्याचा. शाळेच्या प्रयोगशाळेत असेल."

शाळेला सुट्टी होती, पण विज्ञानाचे मास्तर गावातच राहत. त्यांनी नादकाटा दिला, लाकडी हातोडीसकट. दोघांनी दुपारची वेळ धरली. उन्हामुळे रस्ता ओस पडला होता, शिंपी मशीनवर डोकं टेकून झोपला होता. स्नेहलतानं सेट चालू केला आणि वैजनाथला थांबवलं. व्हॉल्व्ह नीट तापू द्या, अंगात येऊ द्या, सुरुवातीचं बोलणं धरायचं नाही. मग माईकला जाड फडकं गुंडाळलं. काहीच आवाज दिला नाही तर सेट स्वतःहून किती बोलतो, ते आधी ऐकायचं होतं. भोंग्यातून विजेची बारीक गुणगुण येत होती, बस. खरखर नव्हती.

फडकं काढलं. स्नेहलतानं काटा हातोडीनं हलकेच वाजवून माईकपुढे धरला.

भोंग्यातून जो सूर आला तो ऐकून वैजनाथनं डोळे मिटले. इतका स्वच्छ सूर त्याच्या दुकानात यापूर्वी वाजला नव्हता. कुठे ओरखडा नाही, कुठे थरथर नाही. काटा विझत गेला तसा सूरही विझत गेला, अगदी शेवटपर्यंत सरळ. एखाद्या कारागिराला आपल्या कामाबद्दल याहून मोठी शाबासकी मिळणार नाही, आणि वैजनाथला ती नकोशी झाली होती.

"आता किल्ल्या," स्नेहलता म्हणाली आणि तिनं दुकानाचा जुडगा माईकपुढे खुळखुळवला. किल्ल्यांचा आवाज भोंग्यातून आला तो थप थप, गोवऱ्या थापल्यासारखा. तिनं आश्चर्यानं मामाकडे पाहिलं. "मोतीरामकाकांची गोधडी हीच! मामा, उंच आवाज कुठे गेले सगळे?"

वैजनाथनं सेट बंद केला, उलटा केला, आणि डाग वितळवून एक कंडेन्सर काढला. पुन्हा किल्ल्या. थोड्या खुळखुळल्या. दुसरा काढला. तिसरा. शेवटचा निघाला तेव्हा भोंग्यातून किल्ल्या अशा खणखणल्या की समोरचा शिंपी दचकून जागा झाला. टेबलावर कंडेन्सरची ओळ पडली होती, छोट्यापासून मोठ्यापर्यंत. वैजनाथनं एकेक लावला होता, दर वेळी भूपाळी ऐकून.

सेट बरोबर झाला होता. आता फक्त परीक्षा राहिली होती. वैजनाथ शरयूला हाक मारीना.

हाक मारावी लागलीच नाही. किल्ल्यांचा आवाज ऐकून ती आपण होऊन आली. रिवाजच होता तो. "झाला का नीट?" म्हणत तिनं पदराला हात पुसले आणि माईकपुढे उभी राहिली. वैजनाथ पुढे झाला, "राहू दे आता, नंतर पाहू," असं काहीतरी पुटपुटला, पण तिनं डोळे मिटले होते.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढला आणि फाटला. भोंग्यानं काहीही झाकलं नाही. आवाजाच्या कडा, त्यातली खरखर, श्वास घेताना घशात होणारी घरघर, सगळं रस्त्यावर जाऊन पडलं. शरयू मध्येच थांबली. आपण गायलो ते आपलं नव्हेच, अशा नजरेनं तिनं भोंग्याकडे पाहिलं. मग पुन्हा तीच ओळ म्हणून बघितली, खालच्या पट्टीत. तीही फाटली.

शिंप्यानं उगाच मशीन सुरू केलं.

"म्हणजे घरात मले ऐकू येते ते खरंच आहे," शरयू म्हणाली.

"काय ऐकू येते?" वैजनाथनं विचारलं.

"हेच. चुलीपाशी गुणगुणते तवा. दिवाळीपासून तर लईच. एकदा दोनदा मनात आलं की तुम्हाले सांगावं. पण मग इथं येऊन गायले की भोंग्यातून आवाज गोड येई. पहिल्यासारखा. मी म्हणे, चला, माझ्याच कानाचा भास असन. तुमचा सेट काय खोटं बोलणार आहे?"

वैजनाथ तिच्याकडे पाहत राहिला. तो तिच्या आवाजावरून सेट लावत होता आणि ती त्याच्या सेटवरून आपला गळा जोखत होती. दोघंही एकमेकांवर विसंबून निर्धास्त झाले होते, आणि मधल्या मध्ये दुखणं वाढत होतं. आईचं नाव दोघांपैकी कोणीही घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सत्यभामाबाई त्या दुकानात येऊन उभ्याच होत्या.

"उद्या अकोल्याले जाऊ," तो म्हणाला.

स्नेहलता घरी राहिली. ही दोघं सकाळच्या एसटीनं मलकापूरला गेली आणि तिथून गाडीनं अकोल्याला. वाटेत शरयू खिडकीबाहेर नांगरून टाकलेल्या रानांकडे बघत होती. काय सांगायचं ते वैजनाथला माहीत होतं, फक्त तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

कान-नाक-घशाचे डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. कपाळाला आरसा बांधून त्यांनी शरयूची जीभ कापडात धरली, दुसरा इवलासा आरसा घशात घातला आणि बराच वेळ पाहत राहिले. वैजनाथ भिंतीला टेकून उभा होता.

"गाठ आहे," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "स्वराच्या पडद्यावर. बाई, आवाज केव्हापासून असा आहे?"

"दिवाळीपासून," शरयू म्हणाली.

डॉक्टरांचे हात थांबले. "दिवाळीपासून? इतक्या कमी दिवसांत एवढी वाढली?" त्यांचा सूर बदलला. "घरात कोणाला घशाचा आजार होता?"

"माझ्या आईले."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि भरभर काही लिहू लागले. नागपूर हा शब्द वैजनाथला उलटा वाचता आला. आता बोलायला हवं होतं, आणि बोलायचं म्हणजे बायकोसमोर कबूल करायचं की आपण काय ऐकत होतो.

"डॉक्टरसाहेब, दिवाळीपासून नाही," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

शरयूनं गर्रकन मान वळवली.

"तुम्ही कशावरून म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं. "नक्की सांगा. अंदाजानं नको."

"अंदाज नाही साहेब. मी लाउडस्पीकरचे सेट बनवतो. दर सेटले हिचा आवाज लावून पाहतो. पहिल्या वर्षी अगदी थोडी खरखर होती, ती झाकायले मी छोटा कंडेन्सर लावला. पुढच्या वर्षी तेवढ्यानं भागेना, थोडा मोठा लागला. मग आणखी थोडा. एकदम कधीच वाढली नाही. दर वर्षाचा कंडेन्सर माझ्या टेबलावर पडलेला आहे, म्हणाल तर आणून दाखवतो."

कंडेन्सर म्हणजे काय ते डॉक्टरांना ठाऊक नसावं. पण 'थोडा, मग थोडा मोठा, मग आणखी थोडा' हे त्यांना नेमकं कळलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हळूहळू, चार वर्षांत," ते म्हणाले. "आणि घास गिळायला त्रास नाही. हे फार वेगळं झालं. हे बघा, तुकडा काढून तपासावा लागेल, त्याशिवाय मी कोणाला शब्द देत नाही. आवाज पूर्वीसारखा होईल की नाही तेही आज सांगत नाही. पण काही महिन्यांत एवढी वाढलेली गाठ आणि चार वर्षं रेंगाळत वाढलेली गाठ यांतली मला दुसरी बरी वाटते. गाणाऱ्या गळ्याला अशा साध्या गाठी होतात." मग शरयूकडे वळून म्हणाले, "तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. समजलं?"

तिनं मान हलवली. पण बाहेरच्या बाकावर येऊन बसल्याबरोबर तिनं तो हुकूम मोडला.

"चार वर्षं तुम्ही ऐकून राह्यले होते?"

"हो."

"अन् मले सांगितलं नाही."

वैजनाथनं तिच्याकडे न पाहता, समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, "तुझ्यात आहे असं मी मनाले वाटूच दिलं नाही, शरयू. तुझ्यात काही बिघडलं म्हणायचं तर पुढचं सगळं आलं. तुझी आई आली. त्याच्यापेक्षा मले माझे सेट खराब म्हणणं सोपं गेलं. म्हणून चांगले सेट बिघडवत बसलो, अन् तुझे चार वर्षं घालवले."

एवढं बोलून तो वाट बघत राहिला. तिनं काहीतरी बोलावं, रागवावं, निदान एक सुस्कारा टाकावा. बाजूनं काहीच आलं नाही. ती हसते आहे की रडते आहे ते त्याला कळेना, कारण तिला आवाज करायची बंदी होती, आणि आजवर तिचं सगळं त्याला कानांनीच कळत आलं होतं. शेवटी त्यानं मान वळवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.